मैत्रिणीचा आवाज

आमच्या स्टुडिओत काहीही टाकून देत नाहीत. एकाच कानात ऐकू येणारे हेडफोन, बंद पडलेलं घड्याळ, पाच वर्षांपूर्वीची स्क्रिप्टं, सगळं कपाटात आहे. किस्से पण तसेच साठत गेलेत. कुणी नवीन माणूस कामासाठी आला की सुनील चहा सांगतो, आम्ही सुरू होतो, आणि तो बिचारा आपण कशाला आलो होतो तेच विसरतो. परवा मुलुंडला माझ्या घरी मैत्रिणी जमल्या होत्या. तू दिवसभर अंधेरीत जाऊन करतेस तरी काय, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, बसा. वेळ आहे ना?

तर मी बर्फ मराठीत आणते. बाहेरच्या देशातले ते नाताळच्या सुट्टीतले प्रेमाचे सिनेमे असतात बघा, ते मराठीत डब होतात. त्यांचे संवाद मी लिहिते, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी काचेच्या अलीकडे बसून 'पुन्हा एकदा' म्हणते. बारा वर्षं हेच चाललंय. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. मालक जोगळेकर सर, सत्तरीच्या पुढचे. मशीनवर सुनील. नायिकेचा आवाज सायली, ही सगळ्यात लहान. आणि नायिकेच्या मैत्रिणीचा आवाज रेखाताई परब.

हे सिनेमे न बघितलेल्यांसाठी सांगते, गोष्ट एकच असते. मोठ्या शहरातली मुलगी, मोठी नोकरी, नाताळला छोट्या गावात येते. तिथे चौकडीचा शर्ट घातलेला एक माणूस लाकडाची खेळणी करत असतो. त्याची बायको वारलेली. आधी भांडण, मग बर्फ, मग प्रेम. शेवटी मुलगी विमान सोडून परत येते. आणि तिला परत पाठवायला एक मैत्रीण असते. ही मैत्रीण बहुतेक वेळा काळी किंवा सावळी, अंगाने भरलेली, मोठ्याने हसणारी. तिला अख्ख्या सिनेमात दहा-पंधरा वाक्यं. त्यातलं शेवटचं ठरलेलं: "जा, तो वाट बघतोय."

रेखाताईंनी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलंय की सुनील म्हणतो, हिला आता पडद्याची गरज नाही, झोपेत पण बरोबर जागेवर बसेल.

रेखाताई घाटकोपरच्या. वडील मिलमध्ये होते, गाव मालवणजवळ. आवाज भरदार, खालच्या पट्टीतला. रोज आमचा जाड दरवाजा ढकलून आत येतात आणि दारातूनच ओरडतात, "इलंय गो!" म्हणजे आले गं. जोगळेकर सर त्यावर रोज एकच विचारतात, "रेखा, माईक बंद आहे ना?" कारण सरांचा नियम आहे. सिनेमात मालवणी फक्त आचाऱ्याच्या, पोस्टमनच्या आणि चोराच्या तोंडी. बाकी सगळ्यांनी शुद्ध बोलायचं.

आणि त्यांची एकच इच्छा होती. पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं मला, "मेधा, मला एकदा नायिका करायचीय. लक्षात ठेव हां." मी हो म्हटलं. वहीत लिहून पण ठेवलं.

*

आमची नाताळची कामं एप्रिल-मे मध्ये चालतात. आणि रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद करावा लागतो, कारण त्याची घरघर माईकमध्ये येते. म्हणजे बाहेर अंधेरीचा मे महिना, आत सगळीकडून बंद पेटी, आणि सायली मानेवर ओला नॅपकिन टाकून म्हणतेय, "बाई गं, किती ही थंडी! शाल दे ना."

दुसरी भानगड म्हणजे खालचा गाळा. तिथे पुठ्ठ्याचे खोके कापायचं मशीन आहे. ते चालू झालं की आमची जमीन हादरते. भांडणाची वाक्यं, गर्दीची वाक्यं त्यात चालून जातात. पण हळू आवाजातलं काही असलं की नाही चालत. खालची माणसं एक ते दोन जेवायला जातात, तेवढाच तास शांत. त्यामुळे बारा वर्षं आमच्याकडे सगळं प्रेम एक ते दोनमध्ये होतं!

त्यात आमचं जेवण राहतं. एकदा सायली अगदी रंगात आली होती. नायक जवळ आलाय, बर्फ पडतोय, ती कुजबुजतेय, "मला कळतच नव्हतं रे, की मला काय हवंय." आणि तिच्या पोटातून असा काही आवाज आला की सुनीलच्या मशीनचा काटा वर उडाला.

रेखाताई बाहेर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता कळला. तिका आधी वाढा."

*

एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. नायक आणि नायिका आमच्याकडे कधी भेटतच नाहीत. प्रत्येक जण काचेपलीकडच्या बूथमध्ये एकटा उभा राहून आपली वाक्यं बोलून जातो. चुंबन असेल तर स्वतःच्याच हाताच्या मागच्या बाजूला घ्यायचं, आवाज अगदी बरोबर येतो. नायकाचा आवाज मिलिंद, तो बोरिवलीला बँकेत आहे, म्हणून फक्त शनिवारी येतो. सायली शनिवारी येत नाही. आठ वर्षं दोघं प्रेम करतायत, एकमेकांना पाहिलेलं नाही.

मग सरांनी स्टुडिओत सत्यनारायण घातला. मिलिंद बायकोला घेऊन आला. प्रसाद घेताना त्याने कुणाकडे तरी पाणी मागितलं, आणि सायलीने गर्रकन मान वळवली. चेहरा ओळखीचा नाही, पण आवाज! ती जवळजवळ धावत गेली आणि म्हणाली, "अय्या, तुम्ही! अहो, आपली चौदा लग्नं झालीत!"

मिलिंद लालेलाल. त्याची बायको शिऱ्याची वाटी हातात धरून उभी होती. ती अगदी शांतपणे म्हणाली, "आणि घरी कधी काही बोला म्हटलं, तर म्हणतात मला शब्द सुचत नाहीत."

*

रेखाताईंचा एक प्रश्न होता, तो त्या दर सिनेमाला विचारायच्या. "हिका घरदार नाय काय गो?"

हिला म्हणजे मैत्रिणीला. नायिकेचं घर असतं, ऑफिस असतं, आईवडील असतात. मैत्रीण फोनवर असते, नाहीतर नायिकेच्याच स्वयंपाकघरात उभी. नाताळच्या दिवशीसुद्धा नायिकेच्याच दारात, हातात केक. हिची आई कुठे असते, ही जेवते कुठे, काही पत्ता नाही. मी म्हणायचे, जाऊ दे ना ताई, आपल्याला काय करायचंय. पण रेखाताईंना चैन पडेना. त्यांनी प्रत्येक मैत्रिणीला घर द्यायला सुरुवात केली. एक नाहूरला राहते, तिची सासू कटकटी आहे. एक कांजूरमार्गला, भावाबरोबर. एकीचा नवरा आखातात आहे. हे सगळं त्या बूथमध्ये जायच्या आधी मला सांगायच्या, आणि मी स्क्रिप्ट चाळत हूं हूं करायचे.

आता आमच्या धंद्यातली एक सोय सांगते. पडद्यावरच्या माणसाचं तोंड दिसत असेल तर ओठांना जुळेल असंच वाक्य लागतं. पण माणूस पाठमोरा झाला की कोण काय बोलतंय ते दिसत नाही. पाठ फिरली की वाक्य आपलं. मूळ वाक्याच्या जागी दुसरं घाला, नाहीतर मूळ सिनेमात गप्प असलेल्या माणसाला बोलायला लावा, कुणाला कळत नाही.

तर एका सिनेमात मैत्रीण ते ठरलेलं "जा, तो वाट बघतोय" म्हणते, नायिका पळत सुटते, आणि मैत्रीण पाठ फिरवून हळूहळू आत जाते. मूळ सिनेमात ती काहीच बोलत नाही. रेखाताईंनी मला न विचारता, पाठ फिरल्याफिरल्या मागून हळूच एक वाक्य टाकलं: "चला, मला पण घरी जायला हवं. आई एकटी आहे."

मी काढून टाकणार होते. सुनील म्हणाला, राहू द्या ना ताई. राहिलं. घरी परबांनी ते ऐकलं. परब म्हणजे रेखाताईंचे मिस्टर. बसमध्ये कंडक्टर होते, आता रिटायर्ड. माणूस अबोल. रोज स्कूटरवरून त्यांना न्यायला येतात आणि खाली फाटकाशी उभे राहतात, वर कधी येत नाहीत. पण सिनेमा लागला की समोर बसून पूर्ण बघतात, आणि दर वेळी विचारतात, ह्यात तू खय? म्हणजे कुठे. रेखाताई सांगतात, ती मैत्रीण. आता येईल. आली. गेली.

त्या वेळी मात्र परबांनी विचारलं नाही म्हणे. मैत्रीण आत गेली तसे म्हणाले, "हिची आई बरी आसा मां?"

*

मग हळूहळू सिनेमे बदलायला लागले. एके वर्षी चक्क भारतीय घरातली नायिका आली. जोगळेकर सर खूश. आपली माणसं आली म्हणाले, आता भाषा कशी गोड बसेल बघ.

नायिका गोरीगोमटी, म्हणून सायली. रेखाताई नायिकेची आई. मैत्रिणीवरून आईवर बढती.

आम्ही पहिला प्रसंग लावला. घरी दिवाळी आहे. बाहेर बर्फ. आई कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून हातात पितळी हत्ती घेऊन घरभर फिरतेय. जेवणाच्या टेबलावर नान आणि आंब्याची लस्सी. आणि मग सगळ्यांनी मुठी भरभरून एकमेकांवर रंग उधळला.

सुनीलने मशीन थांबवलं. "होळी आहे की दिवाळी?"

मी क्लायंटच्या, म्हणजे आम्हाला हे काम देणाऱ्या कंपनीच्या, मॅडमना मेल केली. उत्तर आलं की चित्र बदलता येणार नाही, शब्द जुळवून घ्या. आता काय जुळवणार? कपाळाला हात लावून बसले. रेखाताईंनी तोच प्रसंग चार वेळा बघितला आणि विचारलं, ही बाई पाठमोरी किती वेळा होते? दोन वेळा होत होती. एकदा ओव्हनकडे वळताना आणि एकदा हत्ती ठेवताना.

ओव्हनकडे वळताना आई म्हणाली, "फराळ संपला, पाहुणेच एवढे आले. आज नान खा, उद्या चकल्या करते." आणि हत्ती ठेवताना म्हणाली, "रंग शिमग्याचे उरले होते, म्हटलं वाया कशाला घालवा."

मॅडमचं कौतुकाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, आईचं पात्र अगदी अस्सल उतरलंय!

*

सरांबद्दल सांगायचं राहिलं. सर रेडिओच्या नाटकांतले. रेकॉर्डिंगला बसतात ते डोळे मिटून. पडदा बघतच नाहीत. ते अभिमानाने सांगतात, मी माणसाचा चेहरा बघत नाही, फक्त आवाज बघतो. ते डोळे मिटलेले असतानाच माझ्या हातून सगळ्यात मोठा घोळ झाला.

सिनेमा दोन तुकड्यांत येतो. पहिला अर्धा करून होईपर्यंत दुसरा येत नाही. एका सिनेमात दोन म्हातारे बेकरी चालवत होते. एकाच घरात राहायचे, एकमेकांच्या चष्म्यावरून भांडायचे, एकमेकांची औषधं लक्षात ठेवायचे. मराठीत त्यांनी एकमेकांना हाक काय मारायची? मी फार विचार केला नाही. मोठ्याला 'दादा' करून टाकलं. पहिला अर्धा झाला, सर डोळे मिटून म्हणाले, भावांचं प्रेम काय सुंदर आलंय.

आठ दिवसांनी दुसरा अर्धा आला. लावला. सगळं गाव बर्फात जमलंय, घंटा वाजतायत, दोन्ही म्हातारे कोट घालून उभे. सुनीलने आधी ओळखलं. म्हणाला, "मेधाताई, वाट लागली. ह्यांचं लग्न आहे."

सर असे उडाले खुर्चीतून! भावाभावाचं लग्न लावलंस, म्हणून मला काय काय बोलले. धाकट्याचा आवाज देणारा आर्टिस्ट गावी गेला होता, परत रेकॉर्ड करायची सोय नव्हती. सुनीलने दोन दिवस बसून पहिल्या अर्ध्यातला एकेक 'दादा' कापून काढला. लग्न लावणाऱ्या पाद्र्याला कुणाचा आवाज मिळेना, तेव्हा शेवटी सर स्वतः आत गेले. डोळे मिटूनच उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून तुम्ही एकमेकांचे."

बाहेर येऊन खुर्चीत बसले. मी आपली पुन्हा माफी मागायला लागले.

"नाही गं," सर म्हणाले. "मला आधीच कळायला हवं होतं. चाळीस वर्षं एका घरात राहिले. भाऊ असते तर केव्हाच वाटण्या झाल्या असत्या."

*

आता जे सांगायचं होतं ते सांगते. हे गेल्या मे महिन्यातलं.

आमच्याकडे कोणी कुणाचा आवाज द्यायचा त्याचा एक छापील तक्ता असतो. नायिका, सायली. नायक, मिलिंद. मैत्रीण, रेखाताई. नवीन सिनेमा आला की त्या तक्त्याची एक झेरॉक्स काढायची आणि उरलेल्या जागा भरायच्या. इतकी वर्षं हे चाललं होतं.

सकाळी सायली येऊन नायिकेचे दोन प्रसंग करून गेली. मध्ये एकदा म्हणाली पण, ताई, माझा आवाज हिच्या तोंडून कसा तरीच वाटतोय. मी म्हटलं, सवय नाही म्हणून, कर तू. दुपारी रेखाताई आल्या. "इलंय गो!" बूथमध्ये गेल्या, हेडफोन लावले. सुनीलने मैत्रिणीचा प्रसंग लावला.

पडद्यावर स्कूल बस चालवणारी एक बाई होती. पन्नाशीची, काळी, भरलेल्या अंगाची, केसांत पांढरं. तिच्यासमोर एक चोवीस-पंचवीसची सोनेरी केसांची काटकुळी पोर उभी होती आणि हसून सांगत होती, जा, तो वाट बघतोय.

रेखाताई बोलल्याच नाहीत. वाक्य निघून गेलं. त्यांनी हेडफोन काढले आणि काचेतून मला विचारलं, "ही पोर कोण?"

"मैत्रीण," मी म्हटलं.

"आणि बसवाली?"

"नायिका."

त्यांनी पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं. "मगे मी हयसर काय करतंय?"

मग मी इथे काय करतेय. साधा प्रश्न होता. आवाज पण चढवला नव्हता त्यांनी.

सरांना काहीच कळलं नव्हतं, ते डोळे मिटून बसले होते. सुनीलने सकाळचा सायलीचा प्रसंग लावला. सर म्हणाले, छान आहे की, गोड. तेव्हा सुनील त्यांना म्हणाला, "सर, डोळे उघडा." नोकरीला लागल्यापासून एवढ्या स्पष्ट आवाजात तो सरांशी बोलला नव्हता. सरांनी डोळे उघडले. त्या बसवाल्या बाईच्या तोंडून सायलीचा कोवळा आवाज ऐकला, दोन मिनिटं बघत राहिले, आणि विचारलं की हे वाटप केलंय कोणी.

मी केलं होतं. तक्ता माझा होता. पहिल्याच सिनेमातली मैत्रीण काळी, जाड, मोठ्याने हसणारी, ती बघून मी क्षणभर पण विचार न करता पुढे 'रेखाताई' लिहिलं होतं. पुढच्याला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. मग कंटाळा आला म्हणून छापूनच घेतलं. सर निदान डोळे मिटून बसत होते. मी उघड्या डोळ्यांनी हे करत होते. घरी जाऊन ती जुनी वही शोधली. पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात होतं: 'रेखाताई, एकदा नायिका.' खाली दोन रेघा पण मारलेल्या. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सायलीला फोन केला. काय बोलायचं ते चार वेळा मनात घोकलं होतं, पण मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, ताई, ती बसवाली रेखाताईंची आहे, मला ती काटकुळी द्या. क्लायंटच्या मॅडम मात्र ऐकेनात. नायिका म्हणजे तरुण वाटली पाहिजे, लोकांना गोड आवाजाची सवय आहे, वगैरे. दोन्ही आवाजांचे नमुने पाठवा, आम्ही ठरवतो म्हणाल्या.

मी एकच पाठवला. दुसरा कुठाय म्हणून त्यांनी विचारलं. मी कळवलं, दुसरा नाही. सर मागे उभे राहून ते वाचत होते. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी फक्त चष्मा पुसला. तीन दिवसांनी होकार आला.

*

रेखाताईंनी तो सिनेमा असा केला की काय सांगू. बसमधल्या पोरांना ओरडणं, एकटीने जेवणं, आरशासमोर केसांना रंग लावू की नको असं घुटमळणं, सगळं पहिल्या-दुसऱ्या टेकला ओके. आठ दिवसांत संपत आलं. फक्त शेवटचा प्रसंग उरला. अर्थात एक ते दोनमधला.

त्या दिवशी त्या चांगली साडी नेसून आल्या होत्या. माईकला काय दिसतंय, पण नेसल्या होत्या. एवढंच काम असल्यामुळे परबांना दोन वाजताच बोलावून ठेवलं होतं. एक वाजता खालचं मशीन थांबलं. एसी बंद केला. प्रसंग असा, नायिका गाव सोडून चाललेली असते, ती परत येते. तो तिच्यासाठी पायरीवर बसलेला असतो. ती समोर जाऊन उभी राहते आणि बोलते. वाक्य माझं, बारा वर्षं तेच: "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

पहिला टेक स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखा आला. दुसरा तसाच. चौथ्याला आवाज चिरकला. सातव्यापर्यंत सुनील माझ्याकडे बघायचा बंद झाला. दीड वाजून गेला. घामाने त्यांचा ब्लाउज भिजला होता. मला भीती वाटायला लागली, कारण मॅडमनी सांगून ठेवलं होतं, जमलं नाही तर सायली आहेच. आणि रेखाताईंना ते माहीत होतं.

"मेधा," आतून त्या म्हणाल्या, "असं कोण बोलतं गो आमच्याकडे?"

मला रागच आला थोडा. माझं वाक्य होतं ते. म्हटलं, मग काय बोलतात तुमच्याकडे?

"काय नाय बोलत."

दोनला दहा कमी होते. त्या म्हणाल्या, एकदा नुसतं दाखव, आवाज नको. सुनीलने आवाज बंद करून प्रसंग लावला. बाई बसमधून उतरली. बर्फातून चालत आली. तो पायरीवर दोन कप घेऊन बसलेला, एक तिचा. ती त्याच्यासमोर थांबली, आणि कॅमेरा तिच्या मागे गेला. तिचा कोट दिसत होता, केस दिसत होते, आणि पलीकडे त्याचा चेहरा.

"पाठमोरी आहे," रेखाताई म्हणाल्या.

"हो."

"मग वाक्य आपलं?"

मी सरांकडे बघितलं. सरांचे डोळे उघडे होते. पडद्यावरून नजर न हलवता ते म्हणाले, "घे."

सुनीलने टेक लावला. बस थांबली. बाई उतरली. चालत आली. त्याने वर बघितलं. रेखाताईंनी माईकच्या जरा जवळ जाऊन, रोज आमचा दरवाजा ढकलून ओरडतात तो शब्द, पण अगदी हळू म्हटला.

"इलंय मी."

पडद्यावर तो माणूस उठून उभा राहिला. प्रसंग संपला, पडदा काळा झाला, तरी सुनीलने मशीन थांबवलं नव्हतं. सरांचा मालवणीचा नियम मला आठवला आणि मी विचारायला तोंड उघडलं. सरांनी हाताने मला गप्प केलं.

खाली मशीन सुरू झालं. जमीन हादरली. रेखाताई बाहेर आल्या, पदराने कपाळ पुसलं, हेडफोनने बसलेले केस हाताने नीट केले. माझ्या टेबलावरून पर्स उचलली. आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत होतो, त्या मात्र दाराकडे निघाल्या होत्या.

"जाते गं," त्या म्हणाल्या. "खाली हे वाट बघतायत."